मोडलेल्या चेहऱ्यातला माणूस : आरंभीच्या घनवादी व्यक्तिचित्रांचा आढावा

पॅरिसचा चित्रविक्रेता आंब्र्वाझ व्होलार याला चित्रकारांपुढे बसायची हौस होती. १८९९ साली तो सेझानपुढे बसला. त्याच्याच सांगण्याप्रमाणे ११५ बैठका झाल्या, तरी चित्र पुरे झाले नाही. हातावर कोऱ्या कॅनव्हासचे दोन ठिपके तसेच राहून गेले. १९०८ साली रन्वारने त्याला माय्योलची लहानशी मूर्ती हातात धरून ती न्याहाळताना रंगवले. १९१० साली पिकासोने त्याच माणसाला करड्या-तपकिरी तुकड्यांत असे विखरले की पहिल्या नजरेला चौकटीत काचेचा चुरा पसरल्यासारखे वाटते. मग डोळा वर सरकतो. भल्या थोरल्या कपाळाचा घुमट, मिटत आलेल्या जड पापण्या, चपटे नाक, दाढी. तेवढा भाग बाकी चित्रापेक्षा उबदार रंगात आहे. व्होलार तिथे आहे, आणि तो दुसरा कोणी असू शकत नाही.

घनवादाने माणूस मोडला, हे वाक्य गेली शंभर वर्षे कौतुकानेही म्हटले गेले आणि तिरस्कारानेही. यंत्रयुगात माणसाचे तुकडे झाले, त्याचे हे चित्र, असा अर्थ पाठ्यपुस्तकांतूनही सांगितला जातो. मला तो अपुरा वाटतो. १९०६ ते १९१२ या काळातली व्यक्तिचित्रे ओळीने पाहिली तर दिसते ते वेगळेच. मोडला तो चेहऱ्याचा सलगपणा. माणसाची ओळख मात्र त्या सलगपणात नसतेच, ती दोन-चार खुणांत आणि त्या खुणा ओळखणाऱ्या माणसांत असते, याचा शोध या चित्रांत लागत गेला. एखाद्या पेल्याचे किंवा बाटलीचे तुकडे केले तर कोणाचे काही बिघडत नाही. ‘हा कोण?’ हा प्रश्न व्यक्तिचित्रालाच टाळता येत नाही, म्हणून घनवादाची खरी कसोटी तिथेच लागली.

सुरुवात गर्ट्रूड स्टाइनपासून करावी लागते. ही अमेरिकन लेखिका १९०५-०६ च्या हिवाळ्यात माँमार्त्रच्या टेकडीवरच्या बातो-लाव्वार या मोडकळीला आलेल्या इमारतीत पिकासोच्या खोलीवर येऊन बसत असे. बैठका ८० ते ९० झाल्या, असे तिने नोंदवले आहे. अखेर पिकासोने रंगवलेले डोके पुसून टाकले आणि तो उन्हाळ्यासाठी पिरेनीज पर्वतातल्या गोसोल या स्पॅनिश खेड्यात निघून गेला. परत आल्यावर त्याने ती समोर नसतानाच डोके नव्याने रंगवले. ते मुखवट्यासारखे निघाले: जाड पापण्या, एकमेकांशी न जुळणारे डोळे, कोरून काढल्यासारखे गाल. त्याच वर्षी लूव्हरमध्ये स्पेनमधल्या ओसुना इथे सापडलेली प्राचीन आयबेरियन शिल्पे मांडली होती आणि पिकासोने ती पाहिली होती. अंग आधीच्या शैलीतले, डोके नव्या शैलीतले, आणि दोन्ही एकाच कॅनव्हासवर. इतक्या बैठकांत जे साधले नाही ते बाई नजरेआड झाल्यावर साधले, ही या सगळ्या कथेतली पहिली महत्त्वाची गोष्ट. समोर बसलेला देह आणि मनात साठलेली व्यक्ती यांतली निवड पिकासोने इथे केली. स्टाइनने ते चित्र अखेरपर्यंत जपले आणि न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाला मृत्युपत्राने दिले.

१९०६ च्या ऑक्टोबरात सेझान वारला. १९०७ साली शरद सालाँ या वार्षिक प्रदर्शनात त्याचे मोठे स्मृतिप्रदर्शन झाले. तरुण चित्रकारांनी तिथून काय उचलले, यावर ग्रंथ लिहिले गेले आहेत. व्यक्तिचित्रापुरते बोलायचे तर एवढेच, की सेझानच्या चित्रात चेहऱ्याला भिंतीपेक्षा किंवा कोटाच्या बाहीपेक्षा जास्त मान नाही. गाल आणि पडदा एकाच प्रकारच्या कुंचल्याच्या फटक्यांनी बांधलेले असतात. हा समभाव पिकासोचा सहकारी चित्रकार ब्राक याने पुढे नेला. लेस्ताक इथली त्याची निसर्गचित्रे १९०८ च्या नोव्हेंबरात चित्रविक्रेता काह्नवायलरच्या छोट्या दालनात लागली, तेव्हा समीक्षक लुई व्होसेलने ‘घन’ हा शब्द वापरला आणि चळवळीला नाव मिळाले.

१९०९ चा उन्हाळा पिकासोने आपली प्रेयसी फेर्नांद ऑलिव्हिए हिच्यासोबत ओर्ता दे एब्रो या कातालोनियातल्या डोंगराळ गावी काढला. फेर्नांद तिथे आजारी होती. गर्ट्रूडला लिहिलेल्या तिच्या पत्रांतून ते कळते. त्या उन्हाळ्यात तिची कितीतरी डोकी त्याने रंगवली. कपाळाला धारा आल्या, मानेच्या शिरा दोरखंडासारख्या ताणल्या, गालाचे कातळ झाले. पॅरिसला परतल्यावर शिल्पकार हुलिओ गोन्सालेसच्या कार्यशाळेत त्याने तिचे डोके मातीत घडवले आणि व्होलारने त्याचे कांस्य ओतवले. या शिल्पाभोवती फिरताना घनवादाची एक अडचण लक्षात येते. चिरा कितीही खोल पाडल्या तरी त्या पृष्ठभागावरच राहतात; आतले डोके अभंग आहे, फक्त त्याची कातडी दुमडली आहे. चित्रकाराला याने समाधान मिळणे शक्य नव्हते. वस्तू आणि तिच्याभोवतीचा अवकाश यांतली सीमारेषाच उघडावी, हे पाऊल १९१० मध्ये, बहुतांशी कादाकेसच्या समुद्रकिनारी घालवलेल्या उन्हाळ्यात, पडले. काह्नवायलरने पुढे लिहिले की बंद आकार फोडण्याची ही घटका निर्णायक होती, आणि या बाबतीत त्याचे म्हणणे टिकून आहे.

त्या एका वर्षातली तीन व्यक्तिचित्रे या विषयाचा गाभा आहेत: विल्हेल्म उडे, व्होलार आणि दानिएल-आंरी काह्नवायलर. तिघेही चित्रांच्या व्यवहारातले, तिघेही जन्माने मुख्यभूमी फ्रान्सबाहेरचे. उडे आणि काह्नवायलर जर्मन, व्होलार हिंदी महासागरातल्या फ्रेंच वसाहतीतला. आपले चित्र विकणाऱ्याचेच चित्र काढण्यात मर्जी राखण्याचा भाग होता, हे अभ्यासक सांगतात आणि ते खरेही असेल. पण मर्जी राखायला असली चित्रे कोण काढतो? व्होलारला घनवाद फारसा भावला नव्हता. त्याने आपले चित्र १९१३ साली मॉस्कोच्या इव्हान मोरोझोव्हला विकून टाकले.

उडेच्या चित्रात चेहरा अजून बराच शाबूत आहे. ताठ कॉलर, चिमटीत धरल्यासारखे छोटे तोंड, उंच कपाळ. पिकासोचा चरित्रकार रोलंड पेनरोज याने लिहून ठेवले आहे की उडेला कधीही न भेटलेल्या त्याने केवळ या चित्राच्या आधारावर त्याला गजबजलेल्या कॅफेत ओळखले. माझ्या दृष्टीने ही साक्ष शंभर पानी सिद्धान्तापेक्षा मोलाची आहे. व्होलारच्या चित्रात चेहरा आणि कोट यांच्यातला भेद उरतो तो रंगाच्या उबेने. आणि काह्नवायलरच्या चित्रात, ज्यासाठी तो वीस-तीसदा बसला असे सांगतात, तेवढी ऊबही नाही. पारदर्शक करड्या पदरांचा एक उंच ढीग, त्यात केसांचा भांग, नाकाची एक धार, पोटावर घड्याळाची साखळी आणि खाली एकमेकांत गुंफलेले दोन हात. डावीकडे वर न्यू कॅलेडोनियातल्या एका मूर्तीचा माग लागतो. पिकासोने उतारवयात आपली सहचरी फ्रांस्वाझ जिलो हिला सांगितले की मूळ चित्र धुरासारखे झाले होते, कोणाला काही दिसेना, म्हणून त्याने केस, कान, हात अशा खुणा नंतर घातल्या. म्हणजे आधी माणूस विरघळू दिला आणि मग तो परत यावा इतपतच धागे सोडले. किती कमी धाग्यांवर माणूस उभा राहतो, याचे इतके सचोटीचे मोजमाप त्याआधीच्या चित्रकलेत मला दुसरे माहीत नाही.

गुंफलेल्या त्या हातांपाशी थांबावेसे वाटते. काह्नवायलर तेव्हा २६ वर्षांचा होता. बँकेच्या धंद्यात जावे ही घरची अपेक्षा बाजूला सारून त्याने व्हिन्यों रस्त्यावर एक चिमुकले दालन थाटले होते. घनवाद विकत घेणारे लोक तेव्हा हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. हाताची घडी घालून वाट पाहणे हाच ज्याचा धंद्याचा मुख्य भाग, त्याची ती बैठक आहे. चेहरा गेला, पण देहाची सवय राहिली. आपणही जवळच्या माणसाला लांबून ओळखतो ते डोळे-नाक पाहून नव्हे, तर उभे राहण्याच्या ढबीवरून. हे चित्र त्याच ज्ञानावर विसंबून आहे आणि म्हणूनच ते परक्याला अवघड वाटते. ओळखणाऱ्यांचे वर्तुळ गृहीत धरून ते रंगवलेले आहे.

आता स्पष्टीकरणांकडे वळू. सर्वांत लोकप्रिय स्पष्टीकरण असे: चित्रकार माणसाभोवती फिरला आणि अनेक बाजूंनी दिसलेले रूप त्याने एकाच चित्रात बसवले. याचे मूळ झाँ मेत्सांझेच्या १९१० मधल्या लेखात आणि नंतर आल्बेर ग्लेझसोबत १९१२ साली त्याने लिहिलेल्या ‘घनवादाविषयी’ या पुस्तकात सापडते. मेत्सांझेच्या स्वतःच्या चित्रांना ते लागूही पडते. फिलाडेल्फियातल्या त्याच्या १९११ च्या ‘चहापान’ या चित्रात बाईपुढचा कप अर्धा समोरून आणि अर्धा वरून रंगवला आहे. तिचा चेहराही अर्धा समोरचा, अर्धा एका बाजूचा. पण काह्नवायलरच्या चित्रात त्याच्या डोक्याची मागची बाजू कुठे आहे? नाही. पाठ? नाही. तो जसा समोर बसला तसाच बसला आहे. तरीही हे स्पष्टीकरण इतके रुजले की त्यात आइन्स्टाइनचा सापेक्षतावादही ओढून आणला गेला. लिंडा हेंडरसन यांनी १९८३ सालच्या ग्रंथात दाखवून दिले की त्या काळच्या पॅरिसच्या चित्रकारांत चर्चा होती ती चौथ्या परिमाणाच्या भूमितीची; आइन्स्टाइन तिथे पोचायला पहिले महायुद्ध उलटावे लागले.

काह्नवायलरचे स्वतःचे स्पष्टीकरण, त्याच्या १९२० च्या पुस्तकातले, जास्त टिकाऊ आहे. चित्रातला एखादा ओळखीचा तपशील प्रेक्षकाच्या आठवणीला चाळवतो आणि माणूस प्रेक्षकाच्या मनात पुरा होतो, असे तो म्हणतो. रोझलिंड क्राउस आणि इव्ह-आलँ ब्वा यांनी पुढे भाषाशास्त्राच्या अंगाने मांडणी केली: घनवादातली खूण ही शब्दासारखी आहे, वस्तूशी तिचे साम्य असायला हवे असे नाही, शेजारच्या खुणांमुळे तिला अर्थ येतो. १९१२ नंतरच्या कागदी चिकटकामांना ही मांडणी फार छान बसते. १९१० च्या व्यक्तिचित्रांबाबत मात्र मी कचरतो. व्होलारचे कपाळ ही सांकेतिक खूण नाही, ते व्होलारचेच कपाळ आहे. टी. जे. क्लार्क यांनी १९९९ साली वेगळीच बाजू घेतली. १९११-१२ मधल्या चित्रांत नवी भाषा सापडल्याचा आव आहे, प्रत्यक्षात ती सापडलेली नाही, आणि त्या अपयशाशी चाललेल्या झुंजीतच या चित्रांचे मोठेपण आहे, असे त्यांचे म्हणणे. काह्नवायलरच्या चित्राला नंतर कान आणि हात जोडावे लागले, ही हकीकत क्लार्क यांच्या बाजूने जाते. विल्यम रुबिन यांनी १९९६ मध्ये न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयात पिकासोच्या व्यक्तिचित्रांचे मोठे प्रदर्शन भरवून चर्चा पुन्हा माणसांकडे वळवली. समोर बसलेल्याशी चित्रकाराचे नाते काय, हा त्यांचा प्रश्न. तो साधा वाटतो, पण आधीच्या पिढीच्या आकारवादी समीक्षेत तो विचारायचीच चोरी होती.

याच प्रश्नाने स्त्रियांच्या चित्रांकडे पाहिले की चित्र पालटते. पुरुषांना नाव मिळाले: उडे, व्होलार, काह्नवायलर, त्याआधी १९०९ मध्ये विक्रेता क्लोव्हिस सागो. फेर्नांदची ओर्तामधली डोकी बहुधा ‘स्त्रीचे डोके’ म्हणूनच ओळखली जातात. १९१० च्या ‘मँडोलिनवाली मुलगी’ या चित्रासाठी फानी तेलिए नावाची व्यावसायिक मॉडेल बसली होती. बैठका संपेनात म्हणून तिने यायचे थांबवले आणि चित्र जिथे होते तिथेच राहिले. आज आपण त्याच्या त्या अर्धवट मोकळेपणाचे कौतुक करतो. त्यात तिच्या निर्णयाचाही वाटा आहे, तरी तिचे नाव शीर्षकात नाही. १९११-१२ च्या ‘मा जोली’ या चित्रात एव्हा गुएल आहे असे आपल्याला सांगितले जाते, पण तिचे कान-नाक शोधणे व्यर्थ आहे. खाली एका लोकप्रिय गाण्याच्या पालुपदातले दोन शब्द लिहिले आहेत, तेच पिकासोने तिला दिलेले लाडके नाव. इथे ओळख पूर्णपणे अक्षरांत गेली, आणि तीही प्रियकराने दिलेल्या नावात. गर्ट्रूड स्टाइन ही एकटी नावानिशी बसलेली बाई. ती चित्रे विकत घेणारी होती, हा योगायोग नव्हे. एखाद्याचे तुकडे करूनही त्याला नाव ठेवायचे की नाही, हे चित्रकलेच्या बाहेरच ठरत होते.

ब्राकच्या वाट्याला मी कमी जागा देतो आहे, कारण त्याने नावाची माणसे रंगवलीच नाहीत. बाझेलमधल्या १९११ च्या त्याच्या प्रसिद्ध ‘पोर्तुगीज’ चित्राला ‘स्थलांतरित’ असेही उपशीर्षक लावतात. त्यातला वादक नेमका कोण हे ठरत नाही आणि चित्रालाही त्याची फिकीर नाही. छापाची अक्षरे आणि आकडे त्याच्या अंगावरून जातात. सेरे गावी त्या उन्हाळ्यात तो आणि पिकासो शेजारी राहून काम करत होते. त्या काळात ते चित्रांच्या दर्शनी बाजूला सहीही करेनासे झाले होते. माणसाची ओळख सोडवून पाहताना आपलीही ओळख त्यांनी बाजूला ठेवली होती.

ती ओळख चित्रकार ह्वान ग्रिसने परत आणली. १९१२ च्या वसंतात स्वतंत्र कलावंतांच्या सालाँमध्ये त्याने पिकासोचे व्यक्तिचित्र मांडले. निळसर, स्फटिकासारखे, हातात रंगपट्टी असलेले, आणि कोपऱ्यात पिकासोला अर्पण केल्याचा मजकूर. पिकासोच्या १९१० च्या चित्रांपुढे ते जास्त शिस्तीचे आहे. प्रत्येक तुकडा जागच्या जागी, डोळ्याला पटकन सापडणारा. मला ते आवडते, पण त्यात माणूस हरवण्याची जोखीम नाही, म्हणून तो सापडल्याचा आनंदही कमी. ग्लेझचे १९११ मधले झाक नेराल याचे भव्य चित्र, आता लंडनच्या टेट संग्रहात आहे ते, त्याहून थेट आहे. बाग आणि माणूस एकमेकांत मिसळतात, तरी गुडघ्यावर गुडघा टाकून बसलेला कवी स्पष्ट दिसतो. नेराल १९१४ च्या डिसेंबरात आघाडीवर मारला गेला.

ग्रिस, नेराल, मार्सेल उंबेर: तिन्ही नावे घेतलेली आहेत. ग्रिस हा माद्रिदचा होसे व्हिक्तोरियानो गोन्सालेस. लष्करी सेवा टाळून आल्यामुळे त्याच्याकडे पासपोर्ट नव्हता. नेरालचे खरे नाव जोसेफ उओ. एव्हाला त्या वर्तुळात मार्सेल उंबेर म्हणत. त्यांचा कवी मित्र आपोलिनेर हा कोस्त्रोवित्स्की, आणि पिकासोनेही वडिलांचे रुईस हे आडनाव सोडून आईचे घेतलेले. जिथे कोण कुठला आणि कोणत्या नावाचा हे रोज नव्याने ठरत होते, त्या मंडळींत ही चित्रे जन्मली. आणि त्याच शहरात पोलीस खात्याचा आल्फोंस बर्तिलों १८८० च्या दशकापासून माणसाचा कान, नाक, कपाळ वेगवेगळे मोजून, एक छायाचित्र समोरून आणि एक बाजूने घेऊन त्याची ओळख पक्की करत होता. चेहऱ्याचे तुकडे तोही करत होता, पण माणूस हातातून निसटू नये म्हणून. पिकासोच्या मनात बर्तिलों होता असे मी म्हणत नाही. पण एकाच काळात दोन तऱ्हेचे तुकडे होत होते, आणि १९११ च्या सप्टेंबरात ते एकमेकांसमोर आले. मोनालिसा चोरीला गेल्यावर लूव्हरमधल्या जुन्या चोऱ्यांचाही तपास सुरू झाला. १९०७ मध्ये तिथून चोरलेली दोन आयबेरियन डोकी पिकासोकडे आली होती, त्याच्या मुखवटावजा चेहऱ्यांना ज्यांनी वळण दिले त्याच जातीची. आपोलिनेर काही दिवस तुरुंगात गेला, पिकासोची चौकशी झाली. दोघेही परदेशी असल्यामुळे हद्दपारीची भीती खरी होती.

आपल्याकडे चेहरा मोडण्याचा हा प्रश्न वेगळ्या वाटेने आला. गगनेंद्रनाथ टागोरांनी १९२० च्या दशकात घनवादाकडून घेतले ते प्रकाशाचे आणि खोल्यांचे कोन. चेहरा त्यांना त्यासाठी नको होता. मुंबईच्या जे. जे. स्कूलच्या परंपरेत धुरंधर, हळदणकर यांच्या हातून व्यक्तिचित्र हुबेहूबपणाच्या फार उंचीवर गेले आणि मराठी घरांची नजर त्यावरच घडली. चेहरा खऱ्या अर्थाने मोडला तो साळगावच्या फ्रान्सिस न्यूटन सूझाने, १९५० च्या दशकात लंडनमध्ये. पण त्याचे नाते १९१० च्या पिकासोशी थोडे आणि नंतरच्या, अधिक हिंस्र पिकासोशी व गोव्याच्या चर्चमधल्या संतप्रतिमांशी अधिक. त्याची डोकी बहुतेक बिननावाची असतात: पाद्री, श्रीमंत, सज्जन. व्यक्ती राखून चेहरा सोडवण्याचा काह्नवायलर-चित्राचा प्रयोग आपल्याकडे फारसा झालाच नाही, आणि ही उणीव मला जाणवते.

पुन्हा पॅरिसच्या त्या माणसांकडे येऊ. १९१४ मध्ये युद्ध सुरू झाले तेव्हा काह्नवायलर फ्रान्सबाहेर होता. तो जर्मन नागरिक, म्हणून शत्रू. त्याच्या दालनातला सगळा साठा सरकारजमा झाला आणि १९२१ ते १९२३ दरम्यान चार लिलावांत विकला गेला. त्याचे व्यक्तिचित्रही त्यातच गेले, एका स्वीडिश चित्रकाराने ते घेतले, पुढे ते शिकागोला पोचले. उडेचा संग्रहही असाच जप्त होऊन १९२१ साली विकला गेला. मोरोझोव्हचा संग्रह क्रांतीनंतर सोव्हिएत सत्तेने ताब्यात घेतला आणि व्होलार मॉस्कोचा झाला. १९३८ मध्ये नाझी राजवटीने उडेचे जर्मन नागरिकत्व काढून घेतले. ज्यू असल्यामुळे काह्नवायलरला पुढच्या युद्धात फ्रान्समध्येच लपून राहावे लागले. १९४० च्या एप्रिलमध्ये, फ्रान्समध्ये जवळजवळ चाळीस वर्षे काढल्यावर, पिकासोने फ्रेंच नागरिकत्वासाठी अर्ज केला. तो नाकारला गेला. नकारामागच्या पोलीस अहवालात १९०१ सालच्या नोंदींचा आधार होता. त्या नोंदींत हा विशीतला चित्रकार संशयित अराज्यवादी म्हणून दाखल होता.